जुन्या लॅपटॉपचा घरगुती सर्व्हर: फोटोंपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा टेबलाखाली ठेवलेला कॉम्प्युटर आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातले चार अल्बम एकाच दिवशी गेले. अल्बममध्ये आईबाबांच्या लग्नाचे फोटो होते, कॉम्प्युटरमध्ये आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. ओव्या वाचल्या, कारण ताईने दिवाळीत त्या पेन ड्राइव्हवर पुण्याला नेल्या होत्या. फोटो गेले ते गेले.

त्याच वर्षी १ जूनपासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली होती आणि मेल, फाईल, फोटो सगळं मिळून १५ जीबीत बसवायची वेळ आली होती. मग ठरवलं, घरचे फोटो घरच्याच यंत्रावर ठेवायचे. आज आमच्या माडीवर एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो; हाच आमचा घरगुती सर्व्हर. घरातल्या सहा जणांचे फोन त्यावर आपोआप फोटो चढवतात आणि रोज पहाटे त्याची एक प्रत पुण्याला जाते.

हे उभं करायला मला आठ महिने लागले. नीट क्रम कळला असता तर तीन-चार शनिवार-रविवारांत झालं असतं. मी सुरुवातच उलटीकडून केली: आधी डोमेन (इंटरनेटवरचं स्वतःचं नाव) घेतलं, राउटरमधले पोर्ट (बाहेरून आत यायच्या वाटा) उघडायला गेलो, आणि घरात एकही सेवा (सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर) धड चालत नसताना बाहेरून पोहोचायच्या मागे लागलो. तुम्ही असं करू नका. आधी घरात चालू द्या, मग दुसऱ्या गावी प्रत ठेवा, आणि बाहेरचा रस्ता सगळ्यात शेवटी बघा. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

१. आधी हे गोळा करा

- जुना लॅपटॉप किंवा मिनी पीसी: ६४ बिटचा, ८ जीबी रॅम, आत एसएसडी
- फोटोंसाठी एक हार्ड डिस्क आणि तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या क्षमतेची दुसरी, प्रतीसाठी
- लॅन केबल, राउटरपासून यंत्रापर्यंत पुरेल एवढी
- ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, इन्स्टॉल करण्यापुरता
- राउटरचं अ‍ॅडमिन नाव आणि पासवर्ड (बहुतेक वेळा राउटरच्या खाली चिकटवलेला असतो)
- इंटरनेट कनेक्शनचा ग्राहक क्रमांक
- एक वही. खरोखर वही. काय बदललं, कधी बदललं हे त्यात लिहायचं.

नवीन काही विकत घेण्याआधी घरातलं, नातेवाइकांकडचं पडून असलेलं यंत्र शोधा. स्क्रीन फुटलेला लॅपटॉपही चालतो. इन्स्टॉल करताना तेवढा बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडायचा.

२. विजेचा हिशोब

घरगुती सर्व्हरचा खरा खर्च महिन्याच्या बिलात असतो, म्हणून हा हिशोब आधी करा. १० वॅट खाणारं यंत्र महिनाभर चालू ठेवलं तर ७.२ युनिट होतात. ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ४३.२ युनिट खातो. महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत, म्हणजे हे वाढीव युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसतात. १०० युनिटच्या आत राहणाऱ्या घराला डेस्कटॉपचे ४३ युनिट पुढच्या टप्प्यात ढकलू शकतात. फुकट मिळालेला डेस्कटॉप वर्षभरात किती महाग पडतो ते आपल्या बिलावरच्या दराने गुणून बघा. लॅपटॉप आणि मिनी पीसी इथे सहज जिंकतात.

३. वीज जाणार आहे, हे धरूनच चला

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. पण आधी तो उलटा करून बघा. खालचं झाकण फुगलंय, टचपॅड वर आलाय असं दिसलं तर बॅटरी काढून टाका आणि तो लॅपटॉप बॅटरीशिवाय चालतो का ते तपासा. फुगलेली बॅटरी चोवीस तास चार्जिंगला ठेवणं धोक्याचं आहे. बॅटरी चांगली असेल आणि लॅपटॉपमध्ये सोय असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा.

मिनी पीसी असेल तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' करा. नाहीतर रात्री दहा मिनिटं वीज गेली की यंत्र सकाळपर्यंत बंद. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर हवा, कारण दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात डेस्कटॉप आणि राउटर रीस्टार्ट होतात.

आणि राउटर विसरू नका. सर्व्हर चालू, पण राउटर बंद, तर उपयोग शून्य. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवून घ्या.

जागा: तळमजला नको, बंद कपाट नको, खिडकीखाली नको. कोकणात आणि घाटमाथ्यावर विजा कडाडतात, तेव्हा चांगलं अर्थिंग असलेला पॉइंट आणि स्पाइक गार्ड हवाच.

४. डेबियन टाका

विंडोजच्या जागी यंत्रावर लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. तिच्या प्रकारांपैकी उबंटूही चांगलं आहे, पण मी डेबियनची स्थिर आवृत्ती सुचवेन. ती शांत आहे, फार बदलत नाही, आणि अडचण आली की उत्तर सापडतं.

इन्स्टॉल करताना दोन ठिकाणी थांबा. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड विचारतो तिथे रिकामं सोडलं, तर पुढे तुम्ही बनवलेल्या पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे मुख्य खात्याची कामं करायचा, अधिकार आपोआप मिळतो. नवशिक्यांसाठी हेच सोपं. आणि शेवटी सॉफ्टवेअर निवडायच्या यादीत डेस्कटॉपवरची खूण काढा, 'एसएसएच सर्व्हर'वर खूण करा. आता स्क्रीन आणि कीबोर्ड काढून ठेवता येतील, कारण पुढची कामं तुमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा टाईप करून, होतील.

लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो. लॉगइनडीच्या सेटिंग फाईलमध्ये (logind.conf) 'हँडल लिड स्विच' (HandleLidSwitch) या ओळीपुढे 'इग्नोर' लिहा आणि रीस्टार्ट करा. मग झाकण मिटून बघा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून अजून आत जाता येतंय ना.

५. पत्ता पक्का करा

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) देतो, आणि तो कधीही बदलू शकतो. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि सर्व्हरच्या मॅक पत्त्याला (नेटवर्कच्या हार्डवेअरच्या ओळख क्रमांकाला) एक आयपी कायमचा बांधा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. वाय-फाय आणि लॅन केबल यांचे मॅक पत्ते वेगळे असतात. केबलचा द्या. सर्व्हर वाय-फायवर चालवू नका. पहिल्यांदा हजारो फोटो चढवताना केबल आणि वाय-फायमधला फरक लगेच कळेल.

६. डिस्क जोडताना होणारी सगळ्यात महागडी चूक

नवी हार्ड डिस्क बहुधा विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली येते. सर्व्हरसाठी ती ईएक्सटी४ (ext4) या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करा (आधी तीत काही नाही ना, हे दोनदा बघा), आणि कोणती डिस्क कुठे जोडायची हे लिहिलेल्या एफएसटॅब (fstab) फाईलमध्ये डिस्कच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, जोडा. लिनक्स डिस्कना देतं ती 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. सोबत 'नोफेल' (nofail) हा पर्याय लावा, म्हणजे डिस्क निघालेली असली तरी यंत्र चालू होतं.

पण याच 'नोफेल'मध्ये एक सापळा आहे. यूएसबीची वायर ढिली झाली आणि डिस्क जोडलीच गेली नाही, तर तिच्या जागी रिकामं फोल्डर उरतं, आणि सेवा बिनबोभाट त्या फोल्डरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या एसएसडीवर, लिहीत राहते. आठवड्याने एसएसडी भरते आणि सगळं बंद पडतं. उपाय सोपा आहे: डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर' (chattr) या आज्ञेने बदल न होऊ देणारा शिक्का लावा. मग डिस्क नसेल तर सेवा लिहूच शकत नाही. ती चूक दाखवून थांबेल आणि तुम्हाला लगेच कळेल.

मराठी नावांच्या फाईल असतील तर आणखी एक गोष्ट. ईएक्सटी४ मध्ये फाईलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं असतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे नावात सुमारे ८५ चिन्हं बसतात. विंडोजची मोजणी वेगळी असल्यामुळे तिथे याहून लांब नावं चालतात. ताईने ओव्यांच्या फाईलना पूर्ण पहिली ओळ, महिना आणि गावाचं नाव दिलं होतं. कॉपी करताना नेमक्या त्याच फाईल 'नाव फार लांब' म्हणून मागे राहिल्या. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाईलची संख्या मोजून बघा.

७. पहिली आणि एकच सेवा: फोटो

फोटोंसाठी मी इमिच वापरतो. मुक्त सॉफ्टवेअर आहे, फोनचं अ‍ॅप आहे, चेहरे ओळखतं, तारखेने आणि जागेने शोधता येतं. ते डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर तयार डब्यात बंद करून चालवणाऱ्या प्रणालीत) चालतं, म्हणून आधी डॉकर त्याच्या अधिकृत सूचनांप्रमाणे टाका. नंतर इमिचच्या अधिकृत पानावरून दोन फाईल उतरवायच्या: कंपोझ फाईल (काय काय चालवायचं याची यादी) आणि एन्व्ह फाईल (तुमच्या सेटिंग). कंपोझ फाईलला शक्यतो हात लावू नका. एन्व्ह फाईलमध्ये तीन गोष्टी बदला: फोटो कुठे ठेवायचे (मोठ्या डिस्कवर), डेटाबेस, म्हणजे खाती, अल्बम, चेहरे यांची नोंद, कुठे ठेवायचा (आतल्या एसएसडीवर), आणि डेटाबेसचा पासवर्ड. डेटाबेस नेटवर्कवरच्या फोल्डरात किंवा विंडोजच्या पद्धतीच्या डिस्कवर ठेवू नका.

'डॉकर कंपोझ अप' चालवलं की ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पुढे २२८३ हा पोर्ट टाका. पहिलं जे खातं बनेल ते अ‍ॅडमिनचं. ते तुमचं असू द्या, आणि घरच्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या. आईचे फोटो आईचेच राहिले पाहिजेत.

फोनवर अ‍ॅप टाकल्यावर बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून इमिचला वगळा. नाहीतर अँड्रॉइड फोन मागे चाललेलं काम थांबवतो, आणि घरच्यांना वाटत राहतं की फोटो चढतायत. पहिली खेप रात्री, फोन चार्जिंगला लावून करा. चेहरे ओळखायचं काम जुन्या लॅपटॉपवर काही दिवस चालतं आणि पंखा आवाज करतो. त्यात बिघाड काही नाही.

आपोआप अपडेट लावू नका. नवी आवृत्ती आली की आधी तिच्यातले बदल वाचा, प्रत घेतली आहे याची खात्री करा, मगच अपडेट करा.

या टप्प्यावर महिनाभर थांबा. फोनमधला एकही मूळ फोटो पुसू नका. घरच्यांच्या तक्रारी ऐका, वहीत लिहा.

८. दुसऱ्या गावी प्रत

सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. नियम जुना आणि साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे शेजारची खोली नाही, वरचा मजलाही नाही. एकच पूर, एकच आग दोन्ही नेऊ शकणार नाही इतकी लांब हवी.

पुण्याला ताईच्या घरी मी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आणि हार्ड डिस्क ठेवली आहे. प्रतीसाठी रेस्टिक हे सॉफ्टवेअर वापरतो. ते फाईल पाठवण्याआधीच कुलूपबंद करतं, त्यामुळे तिकडची डिस्क कुणी पळवली तरी फोटो दिसणार नाहीत. फक्त बदललेला भाग जातो, म्हणून रोजचं काम थोडक्यात आटपतं. इमिच रोज रात्री २ वाजता डेटाबेसची प्रत स्वतःच काढून फोटोंच्या फोल्डरात ठेवतं. माझं रेस्टिक ३ वाजता सुरू होतं आणि दोन्ही एकदम घेऊन जातं. इमिचच्या त्या प्रतीत फक्त माहिती असते, फोटो नसतात. त्या एकटीवर विसंबू नका.

पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवू नका. ५०० जीबी ५० एमबीपीएसने पाठवायला सलग २२ तास लागतात, तेही वेग पूर्ण मिळाला तर. प्रतीची डिस्क घरीच सर्व्हरला जोडून पहिली खेप पूर्ण करा आणि मग ती बॅगेतून न्या. दुसऱ्या गावी यंत्र ठेवणं शक्य नसेल तर दोन डिस्क घ्या आणि सणासुदीला जाता-येता अदलाबदल करा. तेवढ्यानेही बरंच वाचतं.

दर महिन्याला प्रतीतून एक फोटो आणि एक व्हिडिओ परत काढून उघडून बघा. वर्षातून एकदा दुसऱ्या यंत्रावर सगळं परत उभं करून बघा. परत काढून न बघितलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका.

९. आता बाहेरून

मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी थेट सर्व्हरकडे पाठवायची सेटिंग) लावून तीन आठवडे झगडलो. सेटिंग बरोबर, तरी बाहेरून काहीच उघडेना. ग्राहक सेवेला चार फोन केल्यावर एका तंत्रज्ञाने सांगितलं, 'तुमच्या कनेक्शनला स्वतःचा पत्ताच नाही.'

जगातले आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे आयपी) पत्ते संपलेले आहेत, म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या वाड्याचा रस्त्यावर एकच क्रमांक असावा, आणि आत कोणती खोली कुणाची हे फक्त वाड्याच्या मालकाला ठाऊक असावं, तसं. तुम्ही आपल्या खोलीचं दार कितीही उघडं ठेवलंत तरी रस्त्यावरच्या माणसाला ते सापडत नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. मग ब्राउझरमध्ये माझा आयपी काय असं शोधून आलेला पत्ता बघा. दोन्ही एकच असतील तर पत्ता तुमचा. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो सीजीनॅट. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तरीही वर आणखी कुणीतरी बसलेलं आहे. या सगळ्यात पोर्ट फॉरवर्डिंगवर एक तासही घालवू नका.

काही कंपन्या जादा पैसे घेऊन स्वतंत्र स्थिर पत्ता देतात, आणि भारतात आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) ही बरंच पसरलं आहे. पण घरच्या सहा जणांनी फोटो बघायला यातलं काहीच लागत नाही. टेलस्केल घ्या; ते वायरगार्ड या तंत्रावर चालणारं खासगी नेटवर्क (व्हीपीएन) आहे. ते सर्व्हरवर टाका, घरच्या फोनांवर टाका, आणि ही सगळी यंत्रं जणू एकाच घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. सीजीनॅट असला तरी चालतं, राउटरमध्ये काहीही उघडावं लागत नाही. ताईकडची प्रतही याच वाटेने जाते. सगळ्या फोनांवर इमिचला सर्व्हरचा टेलस्केलवाला पत्ता द्या. घरात असो की गाडीत, तोच चालतो.

दोन सूचना. टेलस्केलचे पत्तेही त्याच १००.६४ पासूनच्या पट्ट्यातले असतात, तेव्हा वरची तपासणी राउटरच्या पानावरच करा, फोनवर दिसणारा पत्ता बघून गोंधळू नका. दुसरं, प्रत्येक यंत्राची ओळख साधारणपणे १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. सर्व्हर आणि दुसऱ्या गावचं यंत्र या दोघांसाठी ही मुदत ('की एक्स्पायरी') आजच बंद करा.

१०. निदान पहिल्या वर्षी हे करू नका

स्वतःचा मेल सर्व्हर. घरगुती कनेक्शनवर २५ क्रमांकाचा पोर्ट बहुधा बंद असतो, आणि घरगुती पत्त्यांवरून आलेला मेल मोठ्या सेवा संशयाने बघतात. महत्त्वाचा मेल कुठेतरी हरवेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

घरभराचा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा). पाय-होल नावाचा असा डीएनएस जाहिराती अडवतं, उपयोगी आहे. पण राउटरला फक्त त्याचाच पत्ता दिला तर सर्व्हर रीस्टार्ट होताच घरातलं सगळं इंटरनेट थांबतं. मुलांची परीक्षा ऑनलाइन असेल त्या दिवशी हे नको.

यूएफडब्ल्यूवर (लिनक्सच्या फायरवॉलवर) आंधळा विश्वास. डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. स्वतःचा सार्वजनिक पत्ता घेतलात तर हे विसरू नका. एसएसएचला पासवर्ड बंद करून फक्त 'की' (किल्लीसारखी फाईल) ठेवा.

क्लाउडफ्लेअर टनेलने (क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमार्गे) इमिच जगासाठी उघडणं. सीजीनॅटमधून वाट काढायला ते चांगलं आहे, पण फुकट योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाईल चढत नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकेल. शिवाय तुमची माहिती त्यांच्या सर्व्हरवर उघडून पुढे जाते, हे कळून-समजूनच ते निवडा.

फोटो तीन-चार महिने बिनतक्रार चालले की दुसरी सेवा घ्या. मी जेलीफिन (घरचे व्हिडिओ आणि गाणी टीव्हीवर लावायचं सॉफ्टवेअर) घेतलं, आणि आता आजीच्या ओव्या आई सकाळी टीव्हीवर लावते.

११. घरच्यांसाठी एक कागद

तुम्ही नसताना सर्व्हर बंद पडला तर घरच्यांनी काय करायचं, हे हाताने लिहा. कुठलं बटण, कुठली वायर, राउटर कुठे, पहिला फोन कुणाला. आमच्याकडे हा कागद माडीच्या दाराआड चिकटवला आहे आणि बाबांनी तो वाचून दोनदा यंत्र चालू केलं आहे. त्यांना न कळणारा एकही शब्द त्यात ठेवलेला नाही.

दुसऱ्या कागदावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड, टेलस्केलचं खातं आणि रेस्टिकचा पासवर्ड लिहा. रेस्टिकचा पासवर्ड गेला तर ती प्रत जगात कुणालाही उघडता येत नाही. हा कागद सर्व्हरशेजारी ठेवू नका आणि प्रतीच्या डिस्कला चिकटवूही नका. आमचा ताईच्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे. पासवर्ड बदलला की तो कागदही बदलायचा, आणि वहीत तारीख टाकायची.